‘नागपुरात कुठं आहे समुद्र?’ म्हणणाऱ्यांनो

"आपल्याला काय करायचं आहे समुद्राशी?" हे वाक्य या गावात अजून एकदा ऐकलं तर माझं डोकं फिरणार आहे. कोकणातल्या मिऱ्याचा बंधारा खचला, आंध्रातल्या उप्पाड्याची घरं लाटेत गेली, अशी बातमी टपरीवर निघाली की हमखास कुणीतरी म्हणतो, "काहून टेन्शन घेऊन राहिला बे, नागपुरात कुठं आहे समुद्र!" आणि तेवढ्यात ओल्या रेतीचं पाणी रस्त्यावर गाळत एक टिप्पर समोरून जातो. अरे, तो चालला ना समुद्रकिनारा! तुमच्या डोळ्यांदेखत, ताडपत्री न टाकता, नंबर प्लेटला चिखल फासून.

किनाऱ्यावरची रेती येते कुठून, हा प्रश्न या राज्यात कुणालाच पडत नाही का? समुद्र ती तयार करत नाही. काही थोडी शंखशिंपल्यांची, काही किनाऱ्यालगतच्या खडकांची, पण पूर्व किनाऱ्यावरची बहुतेक रेती नद्यांनी आणून टाकलेली आहे. डोंगर झिजतो, नदी ते दगड घासत घासत आणते, मुखाशी सोडते आणि लाटा ती किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढं सरकवतात. लाटा रोज नेतात आणि नदी दर पावसाळ्यात भरून काढते. भरणं थांबलं की नेणं तेवढं उरतं. यालाच धूप म्हणतात. हे समजायला समुद्रशास्त्राची पदवी लागत नाही.

आता आपली नदी बघा. नाग नदी कन्हानला मिळते. कन्हान कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. तिथं पाच नद्यांचा संगम म्हणून आपण रविवारी फोटो काढायला जातो. वैनगंगा खाली वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे पारशिवनीच्या, सावनेरच्या, मौद्याच्या घाटावर पडलेला रेतीचा कण समुद्राच्याच वाटेला लागलेला असतो. आणि आम्ही म्हणतो, आमचा काय संबंध!

त्या वाटेवर आपण काय काय करून ठेवलं आहे? कन्हानला मिळणाऱ्या पेंचवर तोतलाडोह धरण, खाली नवेगाव खैरी. वैनगंगेवर गोसीखुर्द, ज्याचं भूमिपूजन 1988 मध्ये झालं. प्राणहिता गोदावरीला मिळाली की लगेच तेलंगणाचं मेडीगड्डा धरण, 2019 मध्ये मोठ्या थाटात उद्घाटन केलेलं आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये खांब खचलेलं. धरणांचं पाणी आम्ही पितो, मी पण पितो, धरणं फोडा असं मी म्हणत नाही. पण धरण पाणी अडवतं तेव्हा रेतीही अडवतं, याचा हिशोब कुठल्या फायलीत आहे? राजमुंद्रीजवळ मोजलेला गोदावरीचा गाळ 1970 च्या दशकात वर्षाला सुमारे 15 कोटी टन होता. 1990 च्या दशकात तो 6 कोटी टनांच्याही आत आला. मुखाशी जमीन खायला समुद्र बसलेला आहेच. त्याच्या तोंडचा घास अर्ध्याहून जास्त आपण वरच काढून घेतला, मग तो जमीन खाईल नाही तर काय करील?

आणि धरणातून जे सुटलं ते आपण पोकलेननं उचललं. इथं माझा खरा संताप आहे. धरणामागं निदान काही सार्वजनिक गरज आहे. रात्री दोन वाजता नदीच्या पोटात मशीन उतरवण्यामागं कोणती आहे? 10 जून ते 30 सप्टेंबर रेती उपसायला बंदी असते, पण बंदीच्या काळातही आमच्या भागातल्या प्रत्येक बांधकामासमोर ताज्या रेतीचा ढीग पडलेला असतो. अर्धा रस्ता त्या ढिगाखाली. शाळेत जाणारी पोरं सायकलवरून घसरतात, म्हाताऱ्या माणसांना वाहनांच्या मधून चालावं लागतं, पाऊस आला की तीच रेती नालीत जाऊन नाली तुंबते. तक्रार केली तर एक कार्यालय म्हणतं हे महसूलचं काम आहे, महसूलवाले म्हणतात पोलिसांना सांगा, पोलीस म्हणतात रॉयल्टीची पावती असेल त्यांच्याकडं. पावती कुणी बघितली? एकाच पावतीवर किती खेपा होतात हे घाटाजवळच्या शेंबड्या पोराला माहीत आहे. फक्त ज्यांना पगार त्याच कामाचा मिळतो, त्यांना माहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच सांगितलं की लहानातल्या लहान रेतीघाटालाही पर्यावरण मंजुरी लागेल. त्यानंतर या राज्यानं धोरणंच धोरणं केली. 2023 मध्ये सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासनं (ब्रास म्हणजे 100 घनफूट) रेती देणार म्हणाले. 2025 मध्ये ते गुंडाळून पुन्हा लिलाव. या सगळ्या धोरणांत एक प्रश्न कायम असतो: रेती स्वस्त कशी मिळेल आणि महसूल किती मिळेल. नदीत वर्षाला नवी रेती किती येते आणि त्यातली किती उचलली तर नदी जिवंत राहील, हा प्रश्न पहिला असायला हवा होता. तो मंजुरीच्या कागदाच्या तळाशी कुठंतरी जातो आणि तिथंच मरतो.

किनारा सोडा, नदीचंच काय झालं ते बघा. रेती म्हणजे नदीची साठवण. तिच्या पोटात पाणी मुरून राहतं, म्हणून उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पाणी असतं. रेती खरवडली की खाली चिकट माती किंवा खडक उघडा पडतो आणि जानेवारीतच विहिरी तळ दाखवतात. पात्रात टरबूज-डांगराच्या वाड्या लावणारी माणसं होती. त्यांनी आता कुठं वाडी लावायची, खड्ड्यात? नदीत पोहायला गेलेली पोरं मशीननं केलेल्या डोहात बुडतात. बातमीत लिहून येतं, ‘पाण्याचा अंदाज आला नाही’. अंदाज येणार कसा? कालपर्यंत तिथं गुडघाभर पाणी होतं.

बरं, गोदावरीच्या मुखाच्या उत्तरेकडच्या उप्पाड्याचा किनारा फक्त आपल्या टिप्परमुळं गेला असं मी म्हणत नाही. काकीनाडा बंदराचे बांध आहेत, मुखाजवळ वाढलेला रेतीचा लांब दांडा आहे, चक्रीवादळं आहेत. कन्हानची आज उचललेली रेती पुढच्या वर्षी तिथं पोचणार होती असंही नाही, जाड रेतीला तो प्रवास करायला पिढ्या लागतात. पण म्हणूनच तर जास्त राग येतो! आज इथं जे उचललं त्याची भरपाई तिथल्या नातवंडांना मिळणार नाही, आणि हे करताना आपल्याला त्यांचं गाव कुठं आहे हेसुद्धा माहीत नसतं. लग्नात मात्र उप्पाडा जामदानी साडी पाहिजे. ती विणणारं गाव समुद्रात गेलं तरी चालेल.

हे झालं झीज लावण्याचं. आता भरून काढण्याच्या नावाखाली जे चालतं ते ऐका. दर डिसेंबरला, 1953 च्या नागपूर कराराच्या कृपेनं, सगळं विधिमंडळ आमच्या दारात येतं. कोकणातले आमदार धूप प्रतिबंधक बंधाऱ्यासाठी निधी मागतात. बंधारा म्हणजे काय, तर किनाऱ्यावर दगडांची रास. दगडाच्या भिंतीवर लाट आपटते, जोरानं परत फिरते आणि पायाशी उरलेली रेतीही ओढून नेते. भिंतीमागचा रस्ता काही वर्षं वाचतो, समोरची पुळण, म्हणजे रेतीचा किनारा, जाते आणि भिंत जिथं संपते तिथून शेजारच्या गावाची धूप सुरू होते. मग शेजारचं गाव बंधारा मागतं. ठेकेदाराला यापेक्षा चांगली योजना कुणी देऊ शकेल का? पुळणीवर होड्या ओढणारा, जाळी पसरून सुकवणारा माणूस मात्र दगडांवर होडी कशी ओढणार, हे एकाही अंदाजपत्रकात लिहिलेलं नसतं.

आणि दुसरा मार्ग माहीत नाही असंही नाही. पुद्दुचेरीला 1980 च्या दशकात बंदराचे बांध घातले, उत्तरेकडं सरकणारी रेती अडली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. तिथंही आधी दगडच टाकले, धूप आणखी उत्तरेच्या गावांवर ढकलली. शेवटी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं पाण्याखाली पोलादी रीफ, म्हणजे लाटेचा जोर मोडणारा कृत्रिम खडक, बसवला, बंदरात अडकलेली रेती उपसून किनाऱ्यावर टाकली आणि लोक पुन्हा रेतीत चालायला लागले. नेदरलँड्सनं 2011 मध्ये तर एकाच जागी 2 कोटी घनमीटरहून जास्त रेती टाकली आणि ती पसरवायचं काम वाऱ्यावर आणि लाटांवर सोपवलं. पण या सगळ्याला काय लागतं? रेती लागते! जुन्या रेतीच्या जाडीशी जुळणारी रेती, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वाहून जाते. आणि एकदा टाकून भागत नाही, काही वर्षांनी पुन्हा टाकावी लागते. म्हणजे नदी जे काम फुकटात करत होती, ते आपण ड्रेजर लावून, कोट्यवधी खर्चून करायचं, आणि त्याच वेळी वरच्या अंगाला नदीतली रेती ब्रासच्या भावानं विकायची. कोणत्या डोक्यातून निघतं हे?

केंद्राच्याच राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानं 1990 ते 2018 या काळातला किनारा तपासला. देशाच्या मुख्य भूमीचा 33.6 टक्के किनारा झिजतो आहे. महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा. हा अहवाल तयार करणाऱ्यांनी मान मोडून काम केलं असेल. तो वाचून रेतीघाटाच्या मंजुरीत एक तरी ओळ बदलली का?

"मग घरं कशानं बांधायची?" हा पुढचा प्रश्न तयारच असतो. पाचगावच्या खदानींचा दगड भरडून कृत्रिम रेती करता येते, सरकारनं 2025 मध्ये तिचं धोरणही आणलं. मग आधी सरकारी कामात ती पूर्णपणे सक्तीची करा. चांगला डांबरी रस्ता उखडून सिमेंटचा करायचा, दोन वर्षांत पाइप टाकायला तो फोडायचा आणि पुन्हा सिमेंट ओतायचं, हे जे या शहरात चाललं आहे त्यात गेलेल्या रेतीचा जाब कुणाला विचारायचा? घर बांधणाऱ्या गरिबाला रेतीची टंचाई दाखवायची आणि फोडायच्या रस्त्याला मात्र कधी कमी पडू द्यायची नाही!

येत्या अधिवेशनात कोकणातल्या आणि विदर्भातल्या आमदारांनी एकत्र उभं राहून विचारावं. कन्हान, वैनगंगा, वर्धा या तिन्ही नद्यांत गेल्या पाच वर्षांत किती रेती आली, किती ब्रासला परवानगी दिली, किती खरोखर उचलली गेली आणि धरणांच्या मागं किती अडकली. घाटवार आकडे द्या, टिप्परच्या जीपीएसची नोंद द्या, बंदीच्या काळातली वेगळी द्या. उत्तर तोंडी नको, लेखी पाहिजे, आणि ज्यानं खेपा सोडल्या त्याच्या सहीसकट पाहिजे.