‘आधी पाया, मग समस्या’ : प्रयोगशाळेविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे पालक आणि प्राध्यापक यांच्यात सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा आशय असा : आधी पाया पक्का व्हावा, मग समस्या द्यावी; प्रयोगशाळेत ठरलेल्या प्रयोगांऐवजी समस्या देऊन शिकवणे (समस्याधारित अध्यापन) हे परदेशी वैद्यकीय महाविद्यालयातून उचललेले खूळ आहे, त्यात शिक्षक हात झटकून मोकळा होतो, २००६ मध्येच संशोधकांनी ही पद्धत निकालात काढली, तिला महागडी उपकरणे लागतात, आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत) किंवा तळोज्याच्या कारखान्यांना सांगितलेले काम नेमके करणारी मुले हवी असतात, प्रश्न काढत बसणारी नकोत. संदेशामागची कळकळ खरी असेलही, परंतु त्यातील बहुतेक मुद्दे अर्धवट माहितीवर उभे आहेत.

उगमाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ मध्ये ही पद्धत सुरू झाली हे खरे. पण १९७४ मध्ये डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या आल्बोर्ग विद्यापीठाने समस्या आणि प्रकल्प यांवरच आपली रचना उभी केली, आणि अभियांत्रिकीही तिथे त्याच रीतीने शिकवली जाते. परदेशी म्हणून नाकारायचेच असेल, तर इटालियन शास्त्रज्ञाचे नाव असलेला आणि क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकी अभियंत्याने घडवलेला व्हेंचुरीमीटर (नळातील प्रवाह मोजण्याचे साधन) हाही विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीतून, म्हणजे जर्नलमधून, काढावा लागेल.

२००६ चा दाखला मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या संशोधकांनी त्या वर्षी असे मांडले की नवशिक्याला पुरेसे मार्गदर्शन न देता शोध घ्यायला सोडले, तर त्याच्या कार्यकारी स्मृतीवर (विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर) अतिरिक्त ताण येतो आणि शिकणे खुंटते. हे म्हणणे मला पटते. मात्र त्याच लेखात हेही नोंदवले आहे की विद्यार्थ्याकडे पुरेसे पूर्वज्ञान जमले, की मार्गदर्शनाचा हा फायदा ओसरू लागतो. संदेशात हा भाग गाळलेला आहे. शिवाय २००७ मध्ये मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी उत्तर दिले की समस्याधारित अध्यापनाला ‘किमान मार्गदर्शन’ म्हणणेच चुकीचे आहे, कारण त्यात टप्प्याटप्प्याने आधार देण्याची रचना अंगभूत असते. म्हणजे वाद मार्गदर्शन किती आणि केव्हा द्यावे याचा आहे. समस्या देऊन चहाला निघून जाणारा शिक्षक दोन्ही बाजूंना अमान्य आहे.

आता ‘आधी पाया’ या आग्रहाकडे वळू. द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेत त्रिकोणी नॉचचा (जिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह मोजतात त्या खाचेचा) प्रयोग कसा होतो ते इथल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. विसर्ग-गुणांक (प्रत्यक्ष विसर्ग, म्हणजे प्रवाह, आणि सूत्राने येणारा विसर्ग यांचे गुणोत्तर) ०.६ च्या आसपास यायला हवा हे मॅन्युअलमुळे आणि वरच्या वर्गातल्यांच्या फाइलींमुळे त्याला आधीच ठाऊक असते. वाचन वेगळे आले की ते ‘बसवले’ जाते, सबमिशन होते आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सूत्र म्हणून दाखवले जाते. ज्याला पाया म्हटले जाते तो प्रत्यक्षात बऱ्याचदा हाच असतो. होम्स, वायमन आणि सहकाऱ्यांनी तीन संस्थांतील नऊ अभ्यासक्रम तपासले, तेव्हा व्याख्यानातील संकल्पना पक्क्या करण्यासाठी आखलेल्या प्रयोगशाळांमुळे परीक्षेतील कामगिरीत मोजता येईल असा फरक दिसला नाही. तो अभ्यास भौतिकशास्त्राचा होता, ही मर्यादा मान्य करूनही तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तीच टाकी, तोच पंप, पण प्रश्न बदलून पाहावा. नवी मुंबईचे काही सखल भाग भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणून धारण तलाव बांधलेले आहेत, त्यांची एकमार्गी दारे भरतीला मिटतात आणि पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत आत साठते. अशा तलावाकडे जाणाऱ्या नाल्याची लहान प्रतिकृती मानून विद्यार्थ्यांना सांगावे : कमीत कमी पाऊण लिटर प्रतिसेकंद प्रवाह पाच टक्क्यांच्या आसपासच्या अचूकतेने मोजायचा आहे; कोणता नॉच निवडाल आणि का? नव्वद अंशांच्या त्रिकोणी नॉचवर एवढ्या प्रवाहाला पाण्याची उंची सुमारे ५० मिलिमीटर येते. विसर्ग उंचीच्या अडीच घाताने बदलत असल्यामुळे उंची वाचताना एका मिलिमीटरची चूक झाली तर विसर्गात सुमारे पाच टक्के चूक होते. वीस सेंटिमीटर रुंदीच्या आयताकृती नॉचवर मात्र उंची जेमतेम १६ मिलिमीटर भरते. तिथे घात दीडच असूनही तीच चूक नऊ टक्क्यांपर्यंत जाते. हा हिशेब करायला सूत्र लागतेच. पाया इथे वगळला जात नाही, उलट तो कशासाठी हवा हे कळते, आणि वाचन ‘बसवण्याची’ सोय उरत नाही, कारण बसवायला आधीच ठरलेले उत्तरच नसते.

महागड्या उपकरणांचा मुद्दा वरील उदाहरणातच निकाली निघतो.

राहिला कारखान्यांचा प्रश्न. टीटीसीतील रबाळे-महापे असो की तळोजा, ठरलेली कार्यपद्धती काटेकोरपणे पाळणे अत्यावश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु दोन मीटर वेगवेगळा प्रवाह दाखवू लागले आणि कार्यपद्धतीत त्याचे उत्तर नसले, की अभियंत्यालाच बोलावले जाते. जून २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला. अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने पदवीधराकडून अपेक्षित मानलेल्या गुणांत गुंतागुंतीच्या समस्यांचा तपास करण्याची क्षमता स्पष्टपणे नोंदवलेली आहे. तेव्हा ही हौशी शिक्षकांची मागणी आहे असे म्हणता येत नाही.

गंमत अशी की या पद्धतीवरचा सर्वांत बळकट आक्षेप संदेशात आलाच नाही. टर्मवर्कचे (सत्रभरातील कामाचे) गुण नीटनेटक्या जर्नलवर मिळत असतील तर समस्या कितीही चांगली असो, गटातील एक जण काम करील आणि बाकीचे उतरवून घेतील. म्हणून फेटाळलेली वाचने आणि ती फेटाळण्याची कारणे यांनाही गुण हवेत, आणि प्रत्येकाला आपल्या निवडीचे समर्थन तोंडी करायला लावायला हवे. वीस जणांच्या बॅचमध्ये चार-पाच गटांभोवती फिरत हे करणे एका शिक्षकाला कष्टाने जमते. जिथे त्याच शिक्षकावर एकाच वेळी दोन बॅच सोपवल्या जातात तिथे ते जमणार नाही, आणि तोवर तिथे ठरलेलाच प्रयोग वाचने न बसवता करून घेणे बरे.