प्रतिक्रियेला उत्तर : सिनर्जी म्हणजे फक्त नशीब आणि मोठे आकडे?

नमस्कार,

रोगलाइट गेममधल्या (हरलं की पहिल्यापासून सुरुवात, आणि दर वेळी वेगळ्या वस्तू हाती लागतात असे गेम) सिनर्जीवरच्या, म्हणजे दोन वस्तू एकत्र आल्या की होणाऱ्या वाढीव परिणामावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कुठल्या दोन वस्तू एकत्र चालणार हे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं, त्या मिळणं न मिळणं नशिबावर, आणि मिळाल्या की स्क्रीनवर मोठे आकडे नाचतात. म्हणजे हा स्लॉट मशीनचाच प्रकार. दाखला म्हणून तुम्ही ‘स्ले द स्पायर’ या कार्डांच्या गेममधली स्वतःची एक रन, म्हणजे सुरुवातीपासूनचा एक अख्खा डाव, सांगितलीत : आयर्नक्लॅड हे पात्र घेऊन खेळताना डेड ब्रँच मिळालं होतं, पुढे करप्शन हाती लागलं, मग डोकं न लावता जिंकलात आणि गेमच काढून टाकलात.

तुमच्याच दाखल्यापासून सुरुवात करतो, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे.

डेड ब्रँच या रेलिकचा (रनभर सोबत राहणाऱ्या वस्तूचा) नियम एका वाक्याचा : एखादं कार्ड एक्झॉस्ट झालं, म्हणजे त्या लढाईपुरतं बाद झालं, की हातात नशिबाने निघेल ते एक नवं कार्ड येतं. करप्शन हे पॉवर कार्ड (एकदा खेळलं की लढाईभर लागू राहणारं) सांगतं की सगळी स्किल्स, म्हणजे बचावाची वगैरे कार्डं, फुकट, पण खेळलेलं प्रत्येक स्किल एक्झॉस्ट होणार. या दोन्ही वाक्यांत एकमेकांचं नावसुद्धा नाही. एक वस्तू एक्झॉस्ट घडवून आणते, दुसरी एक्झॉस्टची वाट बघत बसते, आणि मधला दुवा कुठेही लिहिलेला नाही. तो खेळणाऱ्याच्या डोक्यात जुळतो. मग साधं डिफेंड हे बचावाचं कार्ड खेळायलाही एनर्जी (कार्डं खेळायला दर टर्नला मिळणारी मोजकी शक्ती) लागत नाही, ते जळून जातं, त्याच्या जागी नवं कार्ड येतं, तेही स्किल असेल तर तेही फुकट, की आणखी एक. तीन एनर्जीवर चालणारा टर्न पंधरा-वीस कार्डांचा होतो.

आता याच दोन वस्तू सुट्या बघा. डेकमध्ये एक्झॉस्ट करणारं काही नसेल तर डेड ब्रँच नुसतं शोभेला. आणि डेड ब्रँच नसताना करप्शन घेतलं तर तुमची बचावाची कार्डं एकेकदा वापरून त्या लढाईपुरती जातात. लढाई लांबली की हातात नुसते हल्ले आणि समोरून मार. करप्शन खेळायलाही तीन एनर्जी लागते. एनर्जी वाढवणारं काही मिळालेलं नसेल तर त्या टर्नला हल्ला करायला काही उरत नाही. थोडक्यात, अर्धी जोडी ही बहुतेक वेळा अडचण असते. रमीत सत्ती-अठ्ठी धरून छक्कीची किंवा नव्वीची वाट बघताना समोरच्याने डाव लावला तर ते सगळे पॉइंट आपल्या अंगावर येतात, आणि तरी आपण ती धरून ठेवतो, तसंच हे. समाधान येतं ते या धरून ठेवण्यातून. लढाईनंतर तीन कार्डं समोर येतात तेव्हा ‘आत्ता उपयोगी’ कार्ड सोडून ‘पुढे जमलं तर’ कार्ड उचलणं, हा तुमचा निर्णय होता. स्लॉट मशीनमध्ये असा निर्णय कुठे असतो?

नशिबाबद्दल मी फार लांबण लावत नाही. कार्डं कोणती येतील हे नशीबच ठरवतं. पण त्याच नशिबावर ॲसेन्शन 20 या सगळ्यात कठीण पातळीवरही सलग जिंकणारे खेळाडू आहेत. आलेल्या कार्डांतून काय ओळखायचं, हे त्यांना येतं.

मोठ्या आकड्यांचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. ‘बलाट्रो’ घ्या, फेब्रुवारी 2024मध्ये आलेला पोकरवरचा गेम. त्यात जोकर म्हणजे खास परिणाम करणारी कार्डं. कॅव्हेंडिश नावाचा जोकर मल्टिप्लायर, म्हणजे गुणांना ज्याने गुणायचं तो आकडा, सरळ तिप्पट करतो. (तो येण्याआधी ग्रो मिशेल नावाचा जोकर नष्ट व्हावा लागतो. केळ्यांच्या जगातही हेच घडलं : ग्रो मिशेल हे वाण रोगाने मागे पडलं आणि कॅव्हेंडिशने जागा घेतली. आपल्या जळगावचं जी-नाइन केळं कॅव्हेंडिश गटातलंच.) तिप्पट म्हणजे चांगलाच जोकर, पण तो मिळाल्याची गोष्ट कुणी कुणाला सांगताना मी ऐकलेली नाही. सांगतात ते बॅरनची.

बॅरनचा नियम असा : हातात *राहिलेला* प्रत्येक राजा मल्टिप्लायर दीडपट करतो. खेळलेला राजा नाही, न खेळलेला. इथे पोकरची सगळी सवय उलटी होते. चांगली पानं धरून ठेवायची आणि किरकोळ जोडी खाली टाकायची. तीन राजे हातात धरले तर दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे सुमारे 3.4 पट. पत्त्यांत मुळात राजे चारच, त्यातले तीन एका वेळी हातात येणं कठीण, म्हणून सुरुवातीला बॅरन म्हणजे जोकरच्या पाचपैकी एक जागा अडवून बसलेला पाहुणा. मग तुम्ही डेथ हे टॅरो कार्ड (एकदाच वापरायचं, पानं बदलणारं) वापरून एखाद्या दुर्रीचा राजा करता, चॅरियट हे दुसरं टॅरो वापरून एकेका राजाला स्टील करता. स्टीलचं पान हातात राहिलं तर स्वतःच दीडपट करतं. आणि एके दिवशी दुकानात माइम दिसतो : हातात राहिलेल्या पानांचे परिणाम तो आणखी एकदा घडवतो. माइमच्या नियमात राजा नाही, बॅरन नाही, स्टील नाही. पण आता प्रत्येक स्टीलचा राजा चार वेळा दीडपट करणार, तीन राजे मिळून बारा वेळा. 3.4चा आकडा जवळजवळ 130वर जातो.

130 हा आकडा मोठा आहे हे खरं. पण दुकानात माइम दिसल्यावर, तो विकत घ्यायच्या आधीच, मनातल्या मनात हा गुणाकार करतो ना आपण, तो क्षण मला सगळ्यात प्रिय आहे. स्क्रीनवर अजून काहीच झालेलं नसतं. आकडे नंतर नाचतात ते फक्त तुमचा हिशेब बरोबर होता हे सांगायला.

‘सगळं आधीच ठरवलेलं’ या आक्षेपाबद्दल. ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’मध्ये आज सातशेहून अधिक वस्तू आहेत. सातशेच धरल्या तरी दोन-दोनच्या जोड्या होतात 2,44,650. तीन-तीनच्या तर मोजूच नका. यातल्या कित्येक जोड्यांवर बनवणाऱ्यांनी हाताने काम केलंय, पण सगळ्या कुणी बसून लिहिलेल्या नाहीत. लिहिता येणारही नाहीत. ते नियम लिहितात. या गेमचा नायक आयझॅक अश्रू झाडून लढतो. टॅमीज हेड ही वस्तू त्याच्याभोवती दहा दिशांना अश्रू सोडतं. ब्रिमस्टोन अश्रूंच्या जागी रक्ताचा लेझर देतं. दोन्ही जवळ असले की दहा दिशांना दहा लेझर. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो आणि लगेच पटतंही, कारण ‘अश्रू म्हणजे तुझं जे हत्यार असेल ते’ हा नियम त्याला तोपर्यंत कळलेला असतो. धक्का आणि पटणं एकत्र येणं हीच माझ्या मते चांगल्या सिनर्जीची खूण. नुसता धक्का असेल तर तो गोंधळ, नुसतं पटणं असेल तर ती बेरीज.

तुमचा आक्षेप जिथे खरोखर लागू पडतो, तो गेम आहे ‘व्हँपायर सर्व्हायव्हर्स’. तिथे चाबूक आठव्या लेव्हलला न्यायचा, सोबत हॉलो हार्ट ही वस्तू ठेवायची आणि पेटी उघडली की चाबकाचं ताकदवान रूप, ब्लडी टिअर, मिळतं. ही पाककृती झाली. अमुक अधिक तमुक, कागदावर लिहून ठेवता येईल अशी. पेटी उघडतानाची रोषणाई आणि संगीत तर स्लॉट मशीनचंच आहे. तो बनवणारे लुका गलांते आधी जुगाराच्या खेळांच्या व्यवसायात काम करत होते. मला तो गेम आवडतो, पण त्यातला आनंद काम तडीस गेल्याचा आहे, शोध लागल्याचा नाही. दोन्हींना एकच नाव दिलं जातं, म्हणून बहुधा आपला वाद होतोय.

राहिला शेवटचा मुद्दा : जोडी जमली की गेम संपतो, पुढे नुसतं बटण दाबणं. हा धोका खरा आहे आणि चांगले डिझायनर तो ओळखून असतात. बलाट्रोत द प्लांट नावाचा बॉस सगळी चित्राची पानं निकामी करतो. बॅरनवर उभ्या केलेल्या डेकला यापेक्षा वाईट बातमी नाही, आणि ती अँटीच्या (गेमच्या त्या टप्प्याच्या) सुरुवातीलाच दिसते, म्हणजे तयारीला वेळ असतो. स्ले द स्पायरच्या तिसऱ्या ॲक्टमधला टाइम ईटर तुम्ही खेळलेली कार्डं मोजतो. बारावं कार्ड पडलं की तुमचा टर्न तिथेच बंद, आणि त्याची ताकद दोनने वाढते. मोजणी पुढच्या टर्नलाही चालू राहते. ब्रँच-करप्शनची साखळी हातात असूनही अकराव्या कार्डावर थांबून विचार करावा लागतो : बारावं आत्ता टाकू, की ब्लॉक (बचाव) पुरेसा आहे तोवर टर्न संपवू? ज्या गोष्टीने तुम्हाला इथवर आणलं, तीच इथे जपून वापरावी लागते. त्याच ॲक्टचा दुसरा बॉस, अवेकन्ड वन, पहिल्या टप्प्यात तुम्ही खेळलेल्या प्रत्येक पॉवरमागे ताकद वाढवतो, आणि ब्रँचमधून तर मोहात पाडणाऱ्या पॉवर सारख्या येत असतात.

तेव्हा मला खरंच विचारायचंय : त्या रनमध्ये तिसऱ्या ॲक्टला तुमच्यासमोर कोणता बॉस आला होता? डोनू आणि डेका ही बॉसची जोडी असेल, तर त्यांना तुमच्या कार्डांच्या मोजणीशी काही देणंघेणं नाही. मग डोकं न लावता जिंकलात हे मला लगेच पटतं. पण गेम परत टाकणार असाल तर तीच जोडी टाइम ईटरसमोर घेऊन जा आणि काय झालं ते इथेच लिहा.