रंग सोडून काय दिसलं?

फुलपाखरांतलं थोडंफार कळतं, अशी एकदा नातेवाइकांत वदंता पसरली की श्रावण ते दिवाळी माणसाचं काही खरं नसतं. बडोद्यातल्या दांडिया बाजारातली आत्या, मांजलपूरची वहिनी, कारेलीबागेतले भाऊजी, सगळ्यांच्या बागेत एकाच आठवड्यात ‘वेगळ्याच रंगाचं’ फुलपाखरू येतं. वेगळंच म्हणजे कसं, तर ‘अरे, असं कधी बघितलंच नव्हतं.’ मग फोटो येतो. त्यात तुळशीची कुंडी असते, कुंडीमागे ॲक्टिव्हा असते, आणि बोटांनी ताणून ताणून मोठं केलं की कोपऱ्यात एक नारंगी ठिपका असतो. तेच ते. खाली आत्याचा निकाल आधीच लागलेला: ‘बहुतेक परदेशी आहे.’

यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: रंग सोडून काय दिसलं? लोक दुखावतात. फुलपाखराचा रंग सोडायचा तर धरायचं काय?

पण रंग हा साक्षीदार फितूर आहे. पंखावरचा रंग म्हणजे सूक्ष्म खवले. फुलपाखरू जुनं झालं, घाणेरीच्या झुडपात चार दिवस घासलं गेलं की ते गळतात आणि भडक नारंगीचं विटकं बदामी होतं. निळ्या-जांभळ्याचं तर आणखीच अवघड. तो बऱ्याचदा रंगद्रव्याचा नसतो, खवल्यांच्या रचनेवर उजेड पडून दिसतो. म्हणून आत्याला उजवीकडून निळं दिसलेलं भाऊजींना डावीकडून काळं दिसतं आणि दोघं एकमेकांना चष्म्याचा नंबर तपासायला सांगतात. शिवाय वरची बाजू वेगळी, खालची वेगळी. कॉमन जेझेबेल, ज्याला आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात, ते उडताना पांढरं वाटतं आणि पंख मिटून बसलं की पिवळं-लाल. वहिनींच्या बागेत त्यामुळे दोन नव्या जाती नोंदल्या गेल्या.

या सगळ्यांत मोठा घोळ घालते ती डॅनेड एगफ्लाय, आणि तोही घोळाच्याच भाजीवर. कुंडीत आपोआप उगवणारी ती मांसल पानांची घोळ हे तिच्या अळीचं खाणं. हिचा नर मखमली काळा. पुढच्या प्रत्येक पंखावर दोन आणि मागच्यावर एक असे पांढरे ठिपके, त्यांना जांभळट-निळी झाक. मादी मात्र नारंगी, पंखांची टोकं काळी, त्यात पांढरा पट्टा. दोघांना शेजारी बसवलं तर कुठलाही मध्यस्थ हे स्थळ जुळवणार नाही. मादीने हा पोशाख प्लेन टायगरकडून उचललाय. प्लेन टायगरची अळी रुईवर वाढते. हो, तीच रुई, जिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला जाते. त्या चिकातलं विष अंगात साठवून फुलपाखरू कडू होतं. पक्षी एकदा खातो, ओकतो आणि जन्मभर नारंगी रंगाला हात जोडतो. एगफ्लायची मादी विषारी नसते, नुसती भीतीच्या भांडवलावर फिरते.

दोघींतला फरक मागच्या पंखावर. मधोमध काळे ठिपके असतील, मादीला तीन आणि नराला गंधपिशवीचा धरून चार, तर तो टायगर. मधला भाग कोरा आणि पुढच्या कडेला एकच काळा ठिपका असेल तर एगफ्लाय. एवढंच बघायचं असतं. पण फोटोत नेमका मागचा पंख पुढच्याखाली दडलेला असतो. त्यात भर म्हणजे टोकाला काळा रंगच नसलेले टायगर असतात आणि त्यांचीही नक्कल करणाऱ्या एगफ्लाय माद्या असतात. फोनमधलं ओळख सांगणारं ॲप अशा वेळी बेधडक अमेरिकेतल्या मोनार्कचं नाव ठोकून देतं आणि आत्याचं ‘परदेशी’ खरं ठरतं. मग पुढचे दोन दिवस मी गप्प.

कढीपत्त्याभोवती घुटमळणाऱ्या काळ्या फुलपाखराची कथा याहून गुंतागुंतीची. कॉमन मॉरमॉनच्या माद्या तीन वेशांत येतात: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. रोझ मंडळी विषारी वेलींवर वाढतात, म्हणून त्यांची नक्कल. हा सगळा वेश ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या हाती असतो, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं. आपल्याला बागेत जनुक दिसत नाही. पण अंग दिसतं. पंख काहीही सांगोत, पोट आणि डोकं लाल असेल तर खरी रोझ. अंग काळं असेल तर मॉरमॉन. साडी उसनी आणली तरी अंग आपलंच राहतं.

ऋतूंचंही मधे मधे असतं. संध्याकाळी ट्यूबलाइटपाशी येऊन भिंतीला चिकटणारं तपकिरी कॉमन ईव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात पंखांखाली डोळ्यांसारखी वर्तुळं मिरवतं, तर कोरड्या दिवसांत वाळक्या पानाचं सोंग घेतं. त्यातही दोन पानं सारखी नसतात. ते पितृपक्षात घरात शिरलं तर ओळख पटवण्याचं काम माझ्याकडे येतच नाही. घरात आधीच ठरलेलं असतं की आजोबा आलेत. शेजारच्या बेन ‘सारा शुकन छे’, म्हणजे शकुन चांगला आहे, असं म्हणून जातात. अशा वेळी शास्त्रीय नाव सांगणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

म्हणून आता मी फोटो कसा काढायचा हेच सगळ्यांना पाठवून ठेवलंय. सकाळी आठ ते दहा हीच वेळ, कारण तेव्हा ती ऊन खात पंख पसरून बसतात. पहिला फोटो लांबूनच घ्यावा, वाईट आला तरी चालेल, कारण दुसरा मिळेलच असं नाही. मग वाकून, हळू, बाजूने जायचं. आपली सावली त्याच्यावर पडली की संपलं. पोर्ट्रेट मोड बंद. तो मागचं धूसर करताना मिशाही खाऊन टाकतो, आणि मिशाच तर हव्या असतात. टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू. पिसासारख्या किंवा नुसत्या निमुळत्या असतील तर बहुधा पतंग. कण्हेरीवरचा तो हिरवा, करंगळीएवढ्या जाड अंगाचा पाहुणा हा ओलिएंडर हॉक मॉथ, म्हणजे पतंग. तो दर वर्षी ‘हिरवं फुलपाखरू’ म्हणून मला तीनदा तरी येतो.

वरून एक, बाजूने मिटलेल्या पंखांचा एक, आणि ज्या झाडावर बसलं त्या झाडाच्या पानाचा एक. पान म्हणजे अर्धा पत्ता. बहाव्यावर घिरट्या घालणारं पिवळट-पांढरं बहुतेक वेळा एमिग्रंट निघतं, मग पंखांखाली तांबडे डाग असोत वा नसोत; ते रक्त नव्हे. शेवटी पाय मोजायचे. टायगर, एगफ्लाय, पॅन्सी चार पायांवर उभी दिसतात, कारण पुढची जोडी आखडून ब्रशसारखी झालेली असते. मॉरमॉन आणि एमिग्रंट सहा पायांवर. पाय मोजा म्हटलं की भाऊजींना मी चेष्टा करतोय असं वाटतं. आणि हो, फोटो ग्रुपवर टाकताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका, नाहीतर वाटेत दाबून दाबून त्याचा पुन्हा ठिपका होतो.

इतकं करून एकदाची ओळख पटते. कॉमन मॉरमॉन, मादी, कढीपत्त्यावर अंडी घालायला आलेली. मी अभिमानाने कळवतो. खाली लगेच वहिनींचा प्रश्न: ‘म्हणजे कढीपत्ता खाणाऱ्या त्या अळ्या हिच्याच? मग फवारायचं काय?’

काही फवारायचं नाही. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती काळी-पांढरी अळी पुढे हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून लाल शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. कुंडीतलं लहान रोप पाच-सहा अळ्या बघता बघता बोडकं करतात, तेव्हा दोन ठेवून बाकीच्या मोठ्या झाडावर हलवा, तेही फांदीसकट. चिमटीत धरून ओढू नका. झाड पुन्हा फुटतं. तोपर्यंत फोडणीला कढीपत्ता भाजीवाल्याकडून घ्या, तो कोथिंबिरीबरोबर फुकट देतो.