बोट लागणं हा मनाचा खेळ नाही : व्हायरल मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

क्रूझचं बुकिंग झालं की प्रवाशांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज हमखास येऊन पडतो. थोडक्यात तो असा: बोट लागणं हा मनाचा खेळ आहे. मोठ्या जहाजावर ती लागतच नाही. निघताना पोट रिकामं ठेवा. गोळी मळमळ सुरू झाल्यावरच घ्या, आधी घेतली तर सवय लागते. कानामागे चिकटवायची औषधाची पट्टी कुणालाही चालते, लहान मुलांना अर्धी कापून लावा. त्रास झाला की केबिनमध्ये जाऊन पडून राहा. आलं आणि मनगटाचा पट्टा असेल तर औषधाची गरज नाही. उलट्या आपोआप थांबतात, डॉक्टरकडे धावू नका.

लोक हा मेसेज काळजीपोटीच पुढे पाठवतात, हे मला मान्य आहे. पण त्यातल्या बहुतेक सल्ल्यांनी सहलीचे पहिले दोन दिवस वाया जातील, आणि पट्टीबद्दलचा सल्ला तर सरळसरळ धोक्याचा आहे.

“मनाचा खेळ आहे, लक्ष दुसरीकडे वळवा”

आधीच ओकून ओकून गळून गेलेल्या माणसाला वर घाबरट ठरवणारं हे वाक्य आहे, म्हणून मला ते सगळ्यात जास्त खटकतं. गडबड होते ती अंतर्कर्णात. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे वळतंय ते टिपतात. त्यांच्या शेजारचे दोन छोटे अवयव वर-खाली आणि पुढे-मागे होणारी हालचाल टिपतात. केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना भिंत जागच्या जागी दिसते, पण कान सांगत असतो की आपण वर चाललोय, आता खाली चाललोय. मेंदूला या दोन्हींचा मेळ लागत नाही. मग जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर थंड घाम येतो, पोटात ढवळायला लागतं आणि शेवटी उलटी होते.

याचा पुरावा फार बोलका आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नौदलाने आणि नासाने गॅलॉडेट कॉलेजमधल्या अकरा कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग सुरू केले. त्यातल्या दहा जणांना लहानपणी झालेल्या मेंदूज्वरामुळे बहिरेपण आलं होतं, आणि त्यातच अंतर्कर्णातली तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी झाली होती. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना फेरीबोटीतून नेलं. ही मंडळी आरामात पत्ते खेळत बसली, आणि त्यांचं निरीक्षण करायला आलेल्या संशोधकांनाच बोट इतकी लागली की प्रयोग गुंडाळावा लागला. मनाचाच खेळ असता तर कान निकामी असण्या-नसण्याने काय फरक पडला असता? ज्याला बोट लागते त्याचा कान धडधाकट आहे, एवढाच याचा अर्थ. ब्रिटिश आरमाराचा गाजलेला सेनानी अ‍ॅडमिरल नेल्सन याला आयुष्यभर बोट लागायची, आणि त्याच्या धैर्याबद्दल कुणी शंका घेतलेली नाही.

भीतीने त्रास वाढतो, हे खरं आहे. गप्पांमध्ये मन रमवल्याने थोडा वेळ बरंही वाटतं. पण म्हणून आजाराचं मूळ मनात ठरत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो, सात ते बारा वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त. गरोदर स्त्रिया आणि मायग्रेन असलेल्यांनाही तो अधिक होतो.

“मोठ्या जहाजावर बोट लागत नाही”

कमी लागते, इतकंच. माणसाला सर्वाधिक मळमळवणारी हालचाल म्हणजे साधारण पाच सेकंदांत एक वर-खाली, अशी संथ हालचाल. जहाज मोठं असलं तरी लांबच्या वादळातून आलेल्या लाटांवर ते असंच संथ उचललं जाऊ शकतं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात. ते डाव्या-उजव्या बाजूचं डोलणं पुष्कळ कमी करतात. पुढचं टोक वर उचललं जाणं आणि अख्खं जहाज वर-खाली होणं मात्र त्यांच्याने थांबत नाही.

त्यामुळे जहाजाच्या आकारापेक्षा तुमची केबिन कुठे आहे ते पाहा. जहाजाच्या लांबीच्या मधोमध, खालच्या डेकवर हालचाल सगळ्यात कमी जाणवते. अगदी पुढची आणि सगळ्यात वरची केबिन, मग तिथून समुद्र कितीही सुंदर दिसो, जास्त हलते.

“निघताना पोट रिकामं ठेवा”

नको. उपाशीपोटी मळमळ उलट वाढते. हलकं, कमी तेलाचं, थोडं थोडं खा आणि घोट घोट पाणी पीत राहा. टाळायचं ते पोटाला तडस लागेपर्यंत जेवण आणि दारू.

“गोळी मळमळ सुरू झाल्यावरच घ्या”

मेसेजमधली ही चूक सगळ्यात महागात पडते. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, त्यातलं काही पुढे आतड्यात सरकत नाही. तेव्हा गिळलेली गोळी पोटातच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. माणूस म्हणतो, “गोळी घेतली होती, काही उपयोग झाला नाही.” गोळी रक्तापर्यंत पोहोचलेलीच नसते. म्हणून डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिनसारखी गोळी जहाज हलायच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. रात्री समुद्र खवळणार असल्याची सूचना जहाजावर मिळाली, तर ती ऐकल्याबरोबर गोळीची वेळ ठरवा, पहिल्या हेलकाव्याची वाट पाहू नका.

डायमेनहायड्रिनेटचा शोध कसा लागला ते इथे सांगायला हवं. १९४७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हे औषध अ‍ॅलर्जीसाठी तपासलं जात होतं. अंगावर पित्त उठणाऱ्या एका गरोदर बाईंना ते दिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ट्राममध्ये बसल्यावर नेहमी होणारी मळमळ होतच नाहीये. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून जर्मनीला सैनिक घेऊन निघालेल्या जहाजावर त्याची चाचणी झाली. म्हणजे अंगावरच्या पित्तासाठी दिलेल्या गोळीने प्रवासातली मळमळ थांबली, आणि तीही बाई ट्राममध्ये चढण्याआधी घेतल्यामुळे.

सवय लागण्याची भीती अनाठायी आहे. चार-दोन दिवस, सांगितलेल्या मात्रेत घेतलेल्या गोळीची चटक लागत नाही. गुंगी मात्र येते. त्यावर दारू घेऊ नका, आणि जिन्यावरून जपून जा.

अ‍ॅलर्जीवर चालली म्हणून घरातली कुठलीही अ‍ॅलर्जीची गोळी मात्र इथे चालत नाही. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या झोप न आणणाऱ्या गोळ्या मेंदूत फारशा पोहोचत नाहीत, आणि बोट लागण्यावरचं काम मेंदूतच व्हायला हवं असतं. उलटीसाठी सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनसुद्धा बोट लागू नये म्हणून उपयोगी पडत नाही. इतर उलट्यांवर ती उत्तम आहे, म्हणूनच लोक फसतात. निघण्यापूर्वी तुमच्याजवळच्या गोळीचं नाव एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

“पट्टी कुणालाही चालते, मुलांना अर्धी कापून लावा”

मेसेजमधलं बाकी काही पुसलं नाही तरी चालेल, पण ही ओळ कृपा करून पुसा.

स्कोपोलामिनची ही छोटी गोल पट्टी कानामागच्या कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावतात. जहाज सुटण्याच्या किमान चार तास आधी लावली की तीन दिवस त्यातून औषध हळूहळू शरीरात जात राहतं. योग्य माणसाला ती फार चांगली लागू पडते. पण मुलांसाठी ती नाही, अर्धी तर नाहीच. औषध ठरावीक वेगाने बाहेर पडावं अशी त्या पट्टीची रचना असते, आणि कात्री लावली की औषध किती जाईल याचा भरवसा राहत नाही.

काचबिंदूचा एक प्रकार असा आहे की त्यात डोळ्याचा कोन अरुंद असतो. तशा डोळ्यात हे औषध दाब एकदम वाढवू शकतं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. वयस्कर माणसं भ्रमिष्टासारखी वागू शकतात: कुठे आहोत ते कळत नाही, नसलेल्या गोष्टी दिसतात. घरच्यांना वाटतं, आजोबांना समुद्र मानवला नाही. कानामागे बोट फिरवून पाहायचं कुणाला सुचत नाही.

निरोगी माणसानेही पट्टी लावल्यावर आणि काढल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत. तेच बोट डोळ्याला लागलं तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. एक बाहुली मोठी, एक लहान असा पेशंट समोर आला की डॉक्टरांच्या मनात आधी मेंदूतल्या रक्तस्रावाची शंका येते. अशा वेळी पट्टीबद्दल आपणहून सांगा. तोंडाला कोरड पडणं आणि झोप येणं हे नेहमीचे परिणाम आहेत.

“केबिनमध्ये जाऊन पडून राहा”

अर्धं खरं आहे. उताणं पडून, डोके न हलवता, डोळे मिटून घेतले तर खरंच बरं वाटतं, कारण कानाशी भांडायला डोळे उरत नाहीत. पण लोक पडून राहतात ते मोबाइल हातात धरून, डोळे स्क्रीनवर रोखून. बंद खोलीत जवळच्या अक्षरांवर नजर लावण्याइतकं मळमळ वाढवणारं दुसरं काही नाही. उभं राहण्याइतकी ताकद असेल तर मधल्या भागात, मोकळ्या हवेत, इंजिनच्या धुराच्या वासापासून दूर उभे राहा आणि क्षितिजाकडे पाहा. जहाज हललं की क्षितिजही हललेलं दिसतं, त्यामुळे डोळे आणि कान पुन्हा एकच गोष्ट सांगू लागतात. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत या हालचालीला सरावतं.

“आलं आणि मनगटाचा पट्टा पुरेसा”

आल्याने काहींना आराम पडतो. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. मनगटावरचा बिंदू दाबणारे पट्टे काटेकोर चाचण्यांमध्ये ठामपणे उपयोगी ठरलेले नाहीत. दोन्ही निरुपद्रवी आहेत, हवे तर जरूर वापरा. ज्याला दर वेळी बोट लागते त्याने फक्त त्यांच्या भरवशावर निघू नये.

“उलट्या आपोआप थांबतात, डॉक्टरकडे धावू नका”

बहुतेकांच्या थांबतात. पण पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि अगदी थोडी होत असेल, उठताच घेरी येत असेल, तर जहाजावरच्या दवाखान्यात जा. गोळी पोटात टिकत नसेल तेव्हा तिथे इंजेक्शन देता येतं. उलट्यांबरोबर जुलाब किंवा ताप असेल तर ती बोट लागलेली नाही. नोरोव्हायरससारखा संसर्ग असू शकतो आणि तो जहाजावर झपाट्याने पसरतो. लगेच कळवा, केबिनबाहेर फिरू नका, आणि हात साबण-पाण्यानेच धुवा. या विषाणूवर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

रोजच्या औषधांवर असलेल्यांनी तर थांबूच नये. रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी उलटीतून पडली असेल तर ती परत घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण पोटात राहत नाहीये म्हटल्यावर साखर तपासावी आणि मात्रा आपल्या मनाने बंद किंवा कमी न करता तिथूनच विचारून घ्यावी.