‘सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

घरी शिवलेल्या जीपच्या कव्हरवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती, म्हणून शिवलेलं कव्हर पाणी अडवूच शकत नाही, जोड वेल्डिंगचाच, म्हणजे उष्णतेने वितळवून चिकटवलेलाच हवा. शिवायचंच असेल तर निदान शिवणीवर मेण घासा. घरच्या मशीनचं हे काम नव्हे. सुती मिश्रणाचा कॅनव्हास कुजतो. झाकलेली गाडी आतून गंजते. आणि दीड-दोन हजारांत तयार कव्हर मिळत असताना हा खटाटोप कशाला? शेवटी कव्हरला चेन (झिप) कोणती आणि कुठे लावावी, असा एक प्रश्न आहे. तुम्ही स्वतः ताडपत्रीच्या धंद्यातले, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय मिटवणं मला बरं वाटलं नाही.

बंद गाडीला स्वतःचं छप्पर असतं. तिच्यावरचं कव्हर रंग सांभाळतं, थोडं पाणी झिरपलं तरी पत्र्यावरून ओघळून जातं. आमच्या एमएम ५४० सारख्या उघड्या जीपला कव्हर हेच छप्पर. त्याखाली सीट आहेत, डॅशबोर्डमागची वायरिंग आहे, पायाखालचा पत्रा आहे. म्हणून कापड कोणतं हे ठरवण्याआधी छपराचा आकार ठरवावा लागतो. तुमच्या प्रतिक्रियेत कापडाबद्दल पुष्कळ आहे, पण उताराबद्दल एक शब्दही नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ उताराचा आहे.

एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी थांबलं की त्याचं वजन दहा किलो होतं. विंडशील्डच्या चौकटीपासून मागच्या कांबीपर्यंत जीपचं छप्पर धरलं तर तीनेक चौरस मीटर भरतं. कापड सपाट ताणून बांधलं की पहिल्याच जोरदार सरीत मधोमध खळगा पडतो. त्यात पाणी साठतं, वजनाने कापड आणखी ताणतं, खळगा मोठा होतो आणि पुढच्या सरीला आणखी पाणी धरतो. रात्रभरात तिथे एका माणसाएवढं वजन लोंबकळायला लागतं. वेल्डिंगने जोडलेल्या ताडपत्रीतही हेच होतं; ती जोडावर गळणार नाही, पण आयलेटपाशी, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांपाशी फाटेल, नाहीतर कांबी वाकवेल. म्हणून हूडच्या कांबींवर लांबीच्या दिशेने मधोमध एक पाइप बांधला, कडांपेक्षा वीतभर उंच. पाइपवर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, कारण कापड सगळ्यात आधी विरतं ते अशा टेकणाऱ्या जागी.

आता शिवणीकडे येते. भोक असतं, हे खरंच आहे. पण त्या भोकातून पाणी आत यायला एकतर वर पाण्याचा दाब हवा, नाहीतर दोऱ्याने पाणी ओढून घ्यायला हवं. चांगल्या उतारावर पाणी थांबतच नाही, त्यामुळे दाबाचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. राहिलं ते शिवण कुठून कुठे जाते हे. कापडाच्या पन्ह्याच्या पट्ट्या मी डावीकडून उजवीकडे, मधल्या पाइपवरून घेतल्या, म्हणजे छपरावरची प्रत्येक शिवण पाण्याच्या ओघळाबरोबर खाली उतरते. ओघळाला आडवी जाणारी शिवण छपरावर एकही नाही. छप्पर आणि बाजूची भिंत यांचा जोड कडेच्या चार बोटं खाली घेतला आणि छपराचं कापड भिंतीच्या कापडावर चढवलं, आपल्याकडे कवेलू वरचं खालच्यावर चढवतात तसं. जोड सगळे चपट्या दुहेरी शिवणीचे, जीन्सच्या पायाला असते तशा: कापडाच्या दोन्ही कच्च्या कडा एकमेकींत दुमडून आत गेलेल्या आणि वरून दोन टीपा.

कापडाचा स्वभावही इथे कामाला येतो. सुती धागा भिजला की फुगतो आणि सुईने पाडलेल्या भोकाभोवती आवळतो. ताडपत्रीवरच्या पीव्हीसीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या थराला हे जमत नाही. त्यात पडलेलं भोक कायमचं. तेव्हा पीव्हीसीला वेल्डिंग हवं, या तुमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, ट्रकवरच्या ताडपत्रीला तर नक्कीच. पण तो नियम त्या कापडाचा आहे, कॅनव्हासला तो जसाच्या तसा लावता येत नाही. दोरा मात्र मी पॉलिएस्टरचाच वापरते. सुती दोरा फुगून भोक भरतो, पण ओलीत लवकर कुजतो. नायलॉन सुरुवातीला मजबूत असला तरी उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर दगा देतो. पॉलिएस्टरच्या गाभ्यावर सुताचं वेष्टन असलेला दोरा मिळाला तर दोन्ही गुण हाती येतात.

मेणाचा सल्ला मात्र नागपुरात कृपया कोणी पाळू नका. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, मेणबत्तीचं बहुतेक त्याआधीच. मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतपाच्या दुपारी उन्हातल्या गडद कापडाला हात लावून पाहा. शिवणीवरचं मेण मऊ पडतं, त्यावर धूळ चिकटते आणि पावसाळा येईपर्यंत शिवणीवर मळाचा पट्टा तेवढा उरतो. वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या पावसासाठी शिवणीच्या आतल्या बाजूला सीलर लावणं बरं. सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका. सुकताना त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं आणि जवळच्या पितळी आयलेट खराब होतात. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली नळी मिळते, ती घ्या.

घरच्या मशीनबद्दल. प्लॅस्टिकच्या गिअरची हलकी मशीन या कामाला घेऊ नये, इथे तुमच्याशी वाद नाही. पण आपल्याकडे घराघरात असलेली पायाची काळी, लोखंडी मशीन सरळ टाका घालण्यात कमी पडत नाही. १८ नंबरची सुई घालायची आणि टाका ४ मिलिमीटरचा ठेवायचा. बारीक टाक्याने शिवण पक्की होते ही समजूत जाड कापडाला लागू नाही. उलट भोकं जवळ जवळ पडली की कापड त्याच रेषेत फाटतं. खरी अडचण येते ती दुहेरी शिवणीवर दुमड चढते तिथे, कारण आठ पदर एकत्र येतात. तिथे आधी हातोडीने ठोकून जाडी बसवायची आणि पाय न मारता चाक हाताने फिरवत एकेक टाका घ्यायचा. वेळ लागतो. एवढं कापड मशीनवरून सरकवायला दुसरं माणूसही लागतं, नाहीतर त्याच्या वजनानेच सुई वाकते.

कुजण्याचं म्हणाल, तर ओलं कव्हर घडी घालून ठेवलं की सुती धाग्याला बुरशी लागणारच. ते वाळवून ठेवणं ही माणसाची जबाबदारी आहे. पण उन्हाचा हिशेब तुम्ही सोडूनच दिलात. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा आणि ऊन जवळजवळ वर्षभराचं. प्लॅस्टिकची स्वस्त निळी ताडपत्री या उन्हात कडक होते, तिचे पापुद्रे सुटायला लागतात, आणि मग ती कितीही जलरोधक असून उपयोग काय? पॉली-कॉटन कॅनव्हास, पाणी झटकणारी प्रक्रिया केलेला आणि शक्यतो फिक्या रंगाचा, हा मला या हवेला धरून वाटतो. कापड साधं, प्रक्रिया न केलेलं असेल तर बेतण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या पावसात आटतं आणि कडेच्या आयलेट हुकांपर्यंत पोचत नाहीत.

गाडी गुदमरून गंजते हा तुमचा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. कव्हर जमिनीपर्यंत नेलं की ओल्या जमिनीची वाफ आत चढते, रात्री पत्र्यावर दव होऊन बसते आणि दिवसा बाहेर जायला वाट मिळत नाही. म्हणून माझं कव्हर जमिनीपासून वीतभर वर थांबतं, आणि पुढे-मागे छपराखाली झापेआड जाळीची एकेक खिडकी आहे. टबाच्या, म्हणजे जीपच्या उघड्या सांगाड्याच्या तळाला बुचं असतील तर तीही पावसाळ्यात काढून ठेवा. पावसाने उघडीप दिली की कव्हर काढून जीप दिवसभर मोकळी ठेवायची. पेंचच्या सिल्लारीला, ताडोबाच्या मोहर्लीला ज्यांच्या उघड्या जिप्सी सफारीला लागतात आणि पावसाळ्यात कोअरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातल्या फेऱ्या बंद झाल्यावर उभ्या राहतात, त्यांना माझी विनंती आहे की एवढं तरी करा. पावसापेक्षा कोंडलेल्या ओलीने जास्त पत्रे खाल्ले आहेत. आणि झाकण्याआधी गाडी धुवा. वाऱ्याने कापड फडफडतं तेव्हा खाली अडकलेली धूळच रंग घासते. याच वाऱ्यासाठी नुसत्या इलॅस्टिकवर विसंबू नका, ते उन्हात जीव सोडतं. गाडीखालून जाणारे दोन रुंद पट्टे आणि बकल लावले की मे महिन्यातल्या वावधानातही कव्हर जागचं हलत नाही.

तयार कव्हर बंद गाडीच्या आकारावर बेतलेलं असतं. उघड्या जीपवर ते सीटच्या पाठींवर टेकतं आणि मध्ये लोंबतं. खळग्याचं वर लिहिलंच आहे. पैशांचा मुद्दा माझ्यासाठी तिथेच संपतो.

आता चेन. धातूची घेऊ नका, गंजून अडकते. मोठ्या प्लॅस्टिक दातांची घ्या, आणि ती छपरावर कधीच नको, भिंतीवर उभी लावा. तिच्यावर दोन इंची झाप हवी, वरच्या टोकाला शिवणीत पकडलेली आणि वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला उघडणारी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, तेव्हा जीप रोज जशी उभी करता ते पाहून कोणत्या बाजूला दार ठेवायचं ते ठरवा. तुमच्या दुकानात येणाऱ्या पॉली-कॉटनमध्ये कोणता माल उन्हात जास्त टिकलेला तुम्ही पाहिलात, हे इथे लिहिलंत तर पुढचं कव्हर त्याचंच शिवेन.