ग्राफिक्स कार्ड नंतर, आधी एसएमपीएस पाहा

कॉम्प्युटरले कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं या तुमच्या लेखात एनव्हिडिया की एएमडी या कंपन्यांवरच सारा जोर दिला राजेहो, पण आमच्या दारव्ह्याकडं पहिला प्रश्न लाइनीचा असते. लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करतो मी, अन् एप्रिल-मेमधी सांजच्याले गावातले सारे कूलर चालू झाले का व्होल्टेज असं पडते की स्टॅबिलायझर नुसता टकटक करत राहते, अशात जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यातल्या लोकल एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या पार्टले वीज देणाऱ्या युनिटवर, १९० वॅटचं इंटेल बी५८० कार्ड लावलं तं रेंडर, म्हणजे व्हिडिओ तयार होऊन निघणं, अर्ध्यातच बंद. त्यात १२ जीबी मेमरी भेटते हे खरं, पण जुन्या बोर्डात रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरले कार्डाची सारी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, नसन तं इंटेलचं कार्ड मार खाते, हे लेखात पायजे होतं.

फक्त गेम खेळाचे असन तं एएमडीचं ६६०० घ्या, १३२ वॅटमधी काम होते, उगाच नावासाठी पैसे काहून द्याचे? एडिटिंगवाल्याले मात्र क्यूडा, म्हणजे एडिटिंगचं काम कार्डावर चालवणारी एनव्हिडियाची सोय, सोडवत नाही, तिथं एनव्हिडियाचं ४०६०, तेही ११५ वॅटचं, फक्त ८ जीबीत अडकवून ठेवलं कंपनीनं, ३०६० मधी १२ देत होते! एटीआय ही कार्डाची कंपनी होती तवापासूनचं एनव्हिडियासंगचं भांडण आहे हे, २००६ मधी एएमडीनं ती घेतली, पण आपला खिसा दोघंही सारखाच कापतात.

अन् जिनिंगजवळ राहणाऱ्यांनो, कार्डाचा पंखा खोलून पाहा एकदा, हीटसिंकच्या पात्यांत रुईची गादी बसलेली दिसन. ब्लोअर मारा अन् मग ठरवा नवीन घ्याचं का नाही.

एनव्हिडियाचं ७० वॅटचं ६ जीबीवालं ३०५० कोणी प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर चालवत असन तं सांगा भाऊ, त्याले वेगळी पॉवर केबल लागत नाही म्हणून विचारतो.