सिकलसेलचा रिपोर्ट शिळा होतो काय हो?

राजेहो, एक गोष्ट मला कोणीतरी समजावून सांगा. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला ॲडमिशन झालं, फी भरली आणि लगेच हातात मेडिकलची यादी पडली. हिपॅटायटिस बी या काविळीच्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण, त्याचा टायटर, मॅन्टू म्हणजे टीबीसाठी हातावर टोचायची चाचणी, छातीचा एक्स-रे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, रक्तपेशी मोजायची सीबीसी, रक्तगट, गोवर-रुबेलाचं प्रमाणपत्र, धनुर्वाताची टीडी, आणि या सगळ्यावर सिव्हिल सर्जनच्या फिटनेसचा शिक्का. मुदत? पंधरा दिवस!

हिपॅटायटिस बीचा पहिला डोस आज घेतला तर दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. हे याच कॉलेजात शिकवतात, परीक्षेत विचारतात, चुकलं तर मार्क कापतात. आणि ऑफिसात तेच तीन डोस पंधरा दिवसांत पाहिजेत. टायटरची तर आणखीनच मजा. लसीनं अंगात ताकद आली का, हे बघायला तो तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी करतात. आमच्याकडून तो पहिल्या डोसच्या आधीच मागितला. खाजगी लॅबमध्ये हजाराच्या घरात पैसे मोजले आणि रिपोर्ट काय आला, तर मला लस मिळालेली नाही. अरे, हे तर मी फुकटात सांगत होते!

"लहानपणी नाही घेतली का?" असं खिडकीतल्या सरांनी विचारलं, जणू मीच टाळली. माझा जन्म 2006 चा, गाव गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या पलीकडं. ही लस सरकारी लसीकरणात देशभर पोचली 2011 मध्ये. त्याआधी सिस्टरच्या डब्यात जे होतं ते तिनं टोचलं, बीसीजी, पोलिओ, ट्रिपल, गोवर. जे नव्हतंच ते कुठून टोचणार? गोवर-रुबेलाची लस 2018 च्या मोहिमेत शाळेत मिळाली, बोटाला शाई लावली होती. तेव्हाची चिठ्ठी आता मागतात. बोट दाखवू काय?

मॅन्टू शुक्रवारी टोचली. हातावरची गाठ 48 ते 72 तासांत बघायची असते. म्हणजे रविवार किंवा सोमवार. रविवारी ओपीडी बंद, सोमवारी पोळा, मंगळवारी तान्हा पोळा. बुधवारी आई निंदणाची रोजी बुडवून माझ्यासोबत आली, तर खिडकीतून उत्तर मिळालं, "आता उपयोग नाही, पुन्हा टोचावी लागते." शुक्रवारी टोचताना भिंतीवर कॅलेंडर नव्हतं काय? दुसऱ्यांदा ज्यानं बघितली त्यानं लाल डागावर दुरूनच पट्टी धरली. मोजायचा असतो कडकपणा, तोही बोटानं चाचपून. माझी तरी निगेटिव्ह लिहिली. माझ्या रूममेटची बारा मिलिमीटर आली आणि ऑफिसातल्या रजिस्टरात सरळ "टीबी पॉझिटिव्ह" अशी नोंद झाली. बीसीजी घेतलेली, टीबीचे पेशंट गावोगावी असलेल्या मुलखात वाढलेली मुलगी, तिची मॅन्टू पॉझिटिव्ह येणं म्हणजे टीबी झाला असं नव्हे. एक्स-रे साफ, खोकला नाही, ताप नाही. पण मेसमध्ये तिचं ताट वेगळं ठेवलं. नर्सिंग कॉलेजच्या मेसमध्ये, बाप्पा! टीबी ताटानं पसरत नाही हे दुसरीकडं कुठं शिकायला जायचं?

आणि सिकलसेल. आमच्या भागात हा आजार घराघरात माहीत आहे. 2023 मध्ये केंद्रानं मोहीम सुरू केली, सात कोटी लोक तपासायचं ठरवलं. आमची तपासणी त्यातच झाली. माझं कार्ड आहे, त्यावर एएस लिहिलंय, म्हणजे वाहक, पेशंट नाही. ते कार्ड सरांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "हे जुनं आहे, सहा महिन्यांच्या आतला रिपोर्ट आणा." सिकलसेल म्हणजे काय वांग्याची भाजी आहे, शिळी व्हायला? जन्माच्या आधी ठरलेली गोष्ट सहा महिन्यांत बदलते? रक्तगटाचंही तेच, बारावीच्या आयकार्डावरचा चालत नाही, ताजा पाहिजे. पुन्हा चिठ्ठी काढा, पुन्हा रांग, पुन्हा "सॅम्पल अकराच्या आत द्यायचं असते, उद्या या." उद्या यायला आमच्याकडून सकाळची एकच येष्टी आहे, ती पोचतेच साडेअकराला.

बाबा विचारतात, "कायले पायजेत पोरी येवढे कागद? तू तं पेशंट पाहाले चालली ना?" काय सांगू त्यांना?

तपासण्या नको असं मी म्हणतच नाही. लस मला पाहिजेच. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात सरळ लिहिलंय की विद्यार्थ्यांना दरवर्षी वैद्यकीय तपासणी, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस, आजारपणात मोफत उपचार किंवा विमा, आणि प्रत्येकीची आरोग्याची नोंद, ही सोय असायला हवी. सोय! म्हणजे देणारं कॉलेज, घेणारी मी. यांनी तेच उलटं करून माझ्या गळ्यात घातलं. फीच्या पावतीवर "मेडिकल" म्हणून वेगळा आकडा आहेच, तो कशाचा, हे विचारलं तर म्हणे, "फाईलचा."

कॉलेजला लस विचारली तर सरकारीत जा. सरकारीत हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांना लस मोफत द्यायची तरतूद आहे, म्हणून तिथं विचारलं, तर "तुम्ही कर्मचारी कुठं, तुम्ही तं स्टुडंट." मग वॉर्डात स्टाफ कमी पडला की रात्रीच्या ड्युटीला आम्ही कोण असतो? इंजेक्शन कोण देतं, सलाईन कोण लावतं, सुया कोण गोळा करतं?

एका सीनियर ताईला वापरलेली सुई टोचली. डोस एकच झालेला. लस न घेतलेल्याला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस, एचआयव्हीची हजारात तीन. एचआयव्हीचं औषध होईल तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं. इन्चार्ज बाईंनी काय सांगितलं? "साबणानं हात धू, आणि कोणाला बोलू नको, लिहापढी वाढते." तिच्या फाईलमध्ये मात्र फिटनेसचं सर्टिफिकेट आहे, गोल शिक्क्यासकट. तपासणीला कोणी आलं की तीच फाईल दाखवतात.

माझा तिसरा डोस आता नेमका परीक्षेच्या आठवड्यात येतो. एका दिवसाची सुट्टी मागितली, तर मॅडम म्हणतात हजेरी कमी होईल, बाहेरून टोचून घे. घेते. आणि बाहेरच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट नेलं की ऑफिसातले सर म्हणतील, हे चालत नाही, सिव्हिलचाच शिक्का आणा.